नळीपेक्षा मोठी गोळी

रविवार, १० मार्च १९७४. रक्कम एकशे एक रुपये, इसार म्हणून. ठिकाण सोलापुरातलं आमचं राहतं घर, पुढची खोली. हजर: माझे वडील, मोहोळ तालुक्यातले एक बागाईतदार, त्यांचे मेहुणे आणि मी. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. व्यवहारात तिला कुणी धरलं नाही, पण पुढं जे घडलं त्यात तिचा वाटा मोठा आहे, म्हणून मी तिलाही हजर धरतो.

विकली जात होती बाबांची रायफल. ठरलेली किंमत साडेसातशे. कलेक्टर कचेरीची परवानगी आल्याशिवाय हत्यार हलवता येत नाही, तेव्हा इसार आज, बाकीची रक्कम परवानगी आल्यावर, असं ठरलं. बागाईतदारांनी रायफल मांडीवर घेतली, दस्त्यावरून हात फिरवला, नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली.

"सायेब, लई जपलीय की तुमी. आत नुसता आरसा हाय."

"बावीस वर्षं माझ्याकडे आहे," बाबा म्हणाले.

"मग इकताय कशापायी? कायतरी खोट आसंल."

"खोट बंदुकीत नाही. खोट माझ्या हातात आहे. हात गेले माझे."

बागाईतदार जरा ओशाळले. म्हणाले, "वयाचं काय, समद्यांचंच हुतं ते." मग त्यांनी पैसे मोजले, बाबांनी पुन्हा मोजले आणि मी पावती लिहिली. बाबांच्या तोंडून 'हात गेले माझे' हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आईनेही.

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. रायफल त्यांनी नोकरीत असताना अक्कलकोटकडच्या एका कारभाऱ्यांकडून घेतली होती. एकबारी, जुनी, जड, शिशाची गोळी खाणारी. तिची तयार काडतुसं माझ्या आठवणीत कधी बाजारात मिळाली नाहीत. पितळी पुंगळ्या त्याच त्या वापरायच्या आणि दर वेळी घरी भरायच्या. त्यापुरती दारू, ठिणगी देणाऱ्या टोप्या आणि शिसं बाळगायची मुभा परवान्यावर होती. शिकार बाबांनी सोडली होती ती शिकारबंदीचा कायदा येण्याच्याही आधी. त्यांना आवड निशाण्याची. महिन्यातून एका रविवारी रायफल क्लबची सातआठ माणसं होटगी रस्त्याच्या बाजूला एका जुन्या मुरुमाच्या खाणीत जमत. पोलिसांच्या परवानगीने तिथे चांदमारी, म्हणजे निशाणेबाजीचा सराव, चाले.

काडतुसं भरणं हे बाबांचं शनिवार दुपारचं काम. मी मिलच्या हिशेब खात्यात आहे. आकड्यांत चूक दिसली की मला जेवण जात नाही, आणि तरीही सांगतो की त्या कामातली त्यांची शिस्त मला कधी साधली नाही. शिसं वितळवून साच्यात ओतायचं. थंड झालेली प्रत्येक गोळी सोनाराच्या काट्यावर तोलायची. हलकी भरली म्हणजे आत पोकळी आहे, ती पुन्हा भांड्यात. उरलेल्या गोळ्या एका पोलादी कड्यातून दाबून पार करायच्या, म्हणजे सगळ्या एका मापाच्या होतात. नळीवर ठोकलेला आकडा होता ४५०, म्हणजे इंचाचे चारशे पन्नास हजारांश. कडं बरोबर त्याच मापाचं. बाबांनी ते मुद्दाम करून घेतलं होतं, कारण साच्यातून गोळी नऊ-दहा हजारांश मोठी निघे आणि आकड्याबाहेरचं काही त्यांना चालत नसे. दारू मोजताना ते पंखा बंद करत आणि आम्हांला खोलीत येऊ देत नसत. चांदमारीहून परत आले की नळी साफ. गज, फ्लॅनेलची चिंधी, तेल आणि वस्त्रगाळ केलेली विटकरीची पूड. नळी आरशासारखी राहिली पाहिजे, असं कारभाऱ्यांनी सांगितलेलं, आणि बाबांनी बावीस वर्षांत एकदाही ते चुकवलं नाही.

पूर्वी पन्नास यार्डांवर त्यांच्या पाच गोळ्या आमटीच्या वाटीखाली झाकता येत. गेल्या दोनेक वर्षांत ते बिघडत गेलं. वाटीचं ताट झालं, ताटाची परात झाली, मग एखादी गोळी कागदालाच लागेना. बाबांनी चष्मा दोनदा बदलला. चहा सोडला. सकाळी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला उजव्या हातात धरून अंगणात उभे राहत आणि पाण्याकडे पाहत. हे कशासाठी ते आम्हांला सांगत नसत, आणि आम्ही विचारत नसू. क्लबातले लोक सभ्य. बाबांचा कागद उतरवताना ते दुसरीकडे बघायला लागले होते. बाबांनी एकदा मला एवढंच सांगितलं, "कागद कोणी पाहिला नाही की समजावं." त्यानंतर दोन महिन्यांनी रायफल विकायला काढली.

आता दंतवैद्यांबद्दल सांगतो. हे डॉक्टर आमच्या मागच्या गल्लीत राहत. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी आणि दात उपटताना कुठल्याही रोग्याशी दखनी उर्दू बोलत. त्यांच्या वडिलांचे आणि भावाचे माग होते. घरातला हाच एक दवाखान्याकडे वळलेला. त्या वर्षी ते बाबांची खालची कवळी करत होते आणि ती काही केल्या नीट बसत नव्हती. दुसरा कोणी असता तर "सवय होईल" म्हणून मोकळा झाला असता. हे गृहस्थ संध्याकाळी दवाखाना बंद करून घरी येत, कवळी काढून घेत, खिशातल्या कानशीने कुठंतरी केसभर घासत आणि पुन्हा बसवत. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "अहो डॉक्टर, किती खेपा घालाल, फी तर एकदाच घेतलीत."

"काकू, माझी फी कवळीची. काकांनी भाकरी चावली की ती फिटली. अजून फिटली नाही." मग बाबांकडे वळून, "काका, आ करा. आणि आता बोलू नका, म्हणजे जरा मला बोलता येईल."

इसार झाल्यानंतरच्या आठवड्यातली ती खेप. आई चहासाठी कपबशा काढायला उठली. आमच्या फडताळात आई वर्तमानपत्र अंथरत नसे, त्याची शाई बशांना लागते. ती बाबांचे निशाण्याचे जुने कागद अंथरायची. जाड, मागून कोरे, फक्त मधे भोकं. डॉक्टर तिला बशा घ्यायला हात द्यायला म्हणून उठले आणि फडताळापाशीच थांबले.

"काकू, खालच्या कप्प्यातला कागद उंदरांनी खाल्ला की काय?"

"उंदीर कशाला? तुमच्या काकांनी."

डॉक्टरांनी बशा बाजूला करून तो कागद ओढून काढला. मग वरच्या कप्प्यातलाही. दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवले. वरचा कागद चारपाच वर्षांपूर्वीचा, भोकं गोल, पंच मारल्यासारखी. खालचा अलीकडचा. त्यात दोन भोकं गोल होती आणि तीन लांबट, एक तर थेट गोळी आडवी पडल्याच्या आकाराचं.

"काका, हे काय?"

बाबा कवळी हातात घेऊन बसले होते. त्यांनी ती तोंडात घातली आणि म्हणाले, "हात गेले, दुसरं काय."

"हात हलला तर भोक इकडचं तिकडं जाईल. हे कबूल. पण लांब कसं होईल? तुमचा हात नळीच्या बाहेर गोळीला धरून आडवी करतो का?"

मी कागदावर वाकलो. तो कागद गेले कित्येक महिने मी रोज बशी घेताना पाहत होतो. घरातल्या सगळ्यांनीच पाहिला होता. पण आम्हांला उत्तर आधीच ठाऊक होतं, त्यामुळे कागद वाचायचं कारणच उरलं नव्हतं. या माणसाला उत्तर ठाऊक नव्हतं आणि त्याने भोकाचा आकार पाहिला. डॉक्टरांचं हे पाहणं मला आजही फार मोठं वाटतं.

बाबांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. ते कागद बाजूला सारून मला म्हणाले, "म्हणजे खोट बंदुकीत आहे. मी त्या माणसाला तुझ्यादेखत सांगितलं, बंदुकीत नाही."

"तुम्हांला ठाऊक नव्हतं, बाबा."

"पैसे घेताना ठाऊक नव्हतं. उरलेले घेताना ठाऊक असेल."

इथून पुढं त्यांच्यापुढं दोनच गोष्टी होत्या. रायफल खरी असेल तर हात गेलेले. हात शाबूत असतील तर दिलेला शब्द खोटा. आणि कलेक्टर कचेरीत अर्ज पुढं सरकत होता.

डॉक्टरांनी भावाच्या मागाच्या वर्कशॉपमधून मायक्रोमीटर आणला. मऊ शिशाचा एक गोळा तेल लावून नळीच्या एका तोंडातून लाकडी गजाने हलके ठोकत दुसऱ्या तोंडाने बाहेर काढला. नळीतल्या पिळाच्या खाचा त्याच्यावर जशाच्या तशा उठल्या होत्या. "हा तुमच्या नळीच्या जबड्याचा ठसा," डॉक्टर म्हणाले. ठसा त्यांनी मोजला, मी मोजला, बाबांनी चष्मा पुसून मोजला. तिघांचा आकडा एकच आला, ४५६. नळीवर ठोकलेला आकडा ४५० आणि गोळीही ४५०. म्हणजे गोळी नळीत सहा हजारांश ढिली. बाजूने दारूचा धूर निसटत होता, पीळ गोळीला धरत नव्हता आणि गोळी न फिरता लोळत बाहेर पडत होती.

"पण नळी मोठी झाली कशी?" बाबा म्हणाले. "फार तर दोनेक हजार गोळ्या गेल्या असतील तिच्यातून. शिशाने पोलाद झिजत नाही."

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "माझा पितळी तांब्या लग्नातला. घासून घासून त्याचा काठ कागदासारखा झालाय. तीच पूड तुम्ही बावीस वर्षं नळीला लावताय. ती काय वेगळी आहे?"

विटकरीच्या पुडीचा डबा कोनाड्यातच होता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"मीच दिली तुम्हांला गाळून," आई म्हणाली. "चांगली बारीक."

"बारीकच पाहिजे म्हणून मी सांगत होतो," बाबा म्हणाले, आणि मग दोघंही हसायला लागली. डॉक्टर हसावं की नाही अशा तोंडाने माझ्याकडे पाहत होते.

उपाय डॉक्टरांच्या मते सोपा होता. साच्यातून गोळी ४५९-४६०ची निघतच होती, बाबा कड्यातून दाबून ती लहान करत होते. तर कडं मोठं करायचं. किती? डॉक्टर म्हणाले, ४५८.

"नळी ४५६ आहे," बाबा म्हणाले.

"बरोबर. दोन हजारांश मोठी गोळी."

"नळीपेक्षा मोठी गोळी नळीत घालायची?"

"काका, तुमच्या हिरडीचा ठसा घेतो तेव्हा मेण हिरडीएवढंच घेतलं तर ठसा उठेल का? जरा जास्त घेऊन दाबावं लागतं. शिसं मऊ आहे. पोलाद हलणार नाही, शिसं हलेल आणि खाचांत बसेल. आणि तुम्ही इतकी वर्षं ठोकलेल्या आकड्यावर गोळी करत होता. मी जर बत्तीस नंबरची कवळी म्हणून कपाटातून काढून दिली असती तर तुम्ही मला गल्लीत राहू दिलं असतं का? कवळी तोंडावर करतात."

"तोंड फुटत नाही," बाबा म्हणाले. "नळी फुटते."

हा आक्षेप डॉक्टरांनी हसण्यावारी नेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यांना शिशाची आणि ठशाची माहिती होती, दारूची नव्हती, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणाले, "त्यातलं तुम्ही ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही." जुनं कडं तसंच ठेवून त्याच मापाचं दुसरं कडं त्यांनी भावाच्या वर्कशॉपमधून आणलं आणि दवाखान्यातल्या यंत्रावर पॉलिशच्या पुडीने थोडं थोडं घासत वाढवलं. रोज संध्याकाळी घेऊन येत आणि मायक्रोमीटर लावून दाखवत. एक हजारांश वाढायला एखादा दिवस लागे. त्या पुडीचे ते पैसे घेईनात तेव्हा बाबांनी ती पूड कुठं मिळते ते विचारून पेठेतून नवी आणून त्यांच्या टेबलावर ठेवली.

दारूचं बाबांनी ठरवलं. पहिल्या तीन काडतुसांत नेहमीपेक्षा पाव भाग कमी. भरलेलं काडतूस नळीच्या मागच्या घरात आपल्या वजनाने खाली गेलं पाहिजे, अंगठ्याने रेटावं लागलं तर ते बाद. सगळी गेली. आणि पहिला बार खांद्याला लावून नाही.

चांदमारीच्या आधीच्या रविवारी, क्लबात परवानगीपुरतं सांगून, आम्ही तिघंच सकाळी लवकर खाणीत गेलो. रायफल वाळूच्या दोन पोत्यांमध्ये दोरखंडाने बांधली. चापाला सुतळी लावून ती खडकाच्या आड नेली. सुतळी ओढायला मी पुढं झालो तर बाबा म्हणाले, "बाजूला सर. परवाना कोणाच्या नावावर आहे?"

बार झाला. आम्ही थोडं थांबून गेलो. बाबांनी पुंगळी काढली, उजेडात फिरवून पाहिली, फुगली नव्हती, चिरली नव्हती. नळीतून चिंधी फिरवली. तोंडाशी, मधे, मागं, बोटाने चाचपली. असे तीन बार झाले. तिसऱ्यानंतर त्यांनी दोरखंड सोडला आणि पूर्ण दारूची पाच काडतुसं पिशवीतून काढून रुमालावर ओळीने ठेवली.

पन्नास यार्ड. ते पोतं पुढं ओढून त्याच्यामागं पालथे झोपले. वय सदुसष्ट. मी चष्मा धरला होता, तो त्यांनी मागून घेतला. एकेका गोळीला त्यांनी पुरेसा वेळ घेतला. आम्ही दोघं मागं उभे होतो.

कागद आणायला डॉक्टर धावत गेले आणि परत येताना चालत आले, कारण ते चालता चालता तो पाहत होते. पाच भोकं होती. पाचही गोल. चार एका तळहाताखाली झाकत होती, पाचवं बोटभर बाहेर. पण सगळीच्या सगळी मध्यापासून चांगली वीतभर डावीकडे आणि जरा खाली.

डॉक्टर जरा हिरमुसले. "डावीकडे गेल्या की, काका."

बाबांनी कागद मांडीवर घेतला, बोटाने एकेक भोक चाचपलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं.

"डावीकडे जातंय ते माझं," ते म्हणाले. "चाप दाबताना मी ओढतो. पहिल्या दिवसापासून. म्हणून माशी, हा नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा, डावीकडे सरकवून ठेवत होतो. मधल्या दोन वर्षांत गोळ्या भलतीकडेच जायला लागल्या तेव्हा ती पुन्हा मधे आणली. माझं माझ्याजागी आहे."

मग त्यांनी हातोडीने माशी दोन हलक्या ठोक्यांत डावीकडे सरकवली आणि पिशवीत उरलेली तीन काडतुसं मारली. तो कागद फडताळात गेला नाही, एवढं सांगून पुरे.

घरी येताना डॉक्टर म्हणाले, "आता विकू नका." बाबा म्हणाले, "इसार घेतलाय." पुढच्या खेपेला कवळी बसली, बाबांनी भाकरी चावून दाखवली आणि डॉक्टरांनी फी फिटल्याचं जाहीर केलं.

परवानगी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आली. बाबांनी बागाईतदारांना पोस्टकार्ड टाकलं, येताना पैसे आणू नका, आधी बोलायचं आहे. ते एकटेच आले, घामाघूम, डोक्याला टॉवेल. आईने ताक दिलं. बाबांनी दोन्ही कडी, लहान आणि मोठं, टेबलावर ठेवली, फडताळातले ते दोन्ही कागद पसरले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. विटकरीची पूडही सांगितली. "त्या दिवशी मी सांगितलं ते चूक होतं. नळी झिजलेली आहे. ठरल्या भावात घ्यायची तर हे मोठं कडं आणि साचा सोबत देतो, गोळी कशी करायची ते दाखवतो. भाव कमी करा म्हणाल तर तेही रास्त आहे. नको असेल तर इसार परत."

बागाईतदारांनी मोठं कडं बोटात घालून पाहिलं, ते नखापाशीच अडलं.

"सायेब, मला भुईमुगातली डुकरं हाकलायची हायत. हजाराचा भाग मोजत बसलो तर डुकरं समदं खाऊन आंघुळीला जात्याल." मग ताकाचा पेला खाली ठेवून त्यांनी बाबांकडे नीट पाहिलं. "एक इचारू? राग न्हाई ना?"

"विचारा."

"तुमाला ती इकायची हाय का?"

बाबांना खोटं बोलता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शब्द दिलेला मोडायचाही त्यांना अनुभव नव्हता. आईने आतून डोकावून पाहिलं.

"नाही," बाबा म्हणाले.

"मग तसं बोलायचं की," बागाईतदार म्हणाले. "ही कडी आन् कागद कशापायी दावताय? मला काय कोर्टात बसवलंय व्हय? माझा मेव्हणा बार्शीकडं एक दुनळी बघून आलाय, तीच घितो. डुकराला काय, आवाज झाल्याशी कारण."

बाबा उठले, आतून पैसे आणले. इसाराचे एकशे एक रुपये त्यांनी मोजून दिले. बागाईतदारांनी न मोजता खिशात घातले, तेव्हा बाबांनी ते परत मागून त्यांच्यासमोर पुन्हा मोजले. वर त्या दिवशीचं आणि आजचं, मोहोळ ते सोलापूर जाण्यायेण्याचं एस.टी. भाडं, कारण दोन्ही खेपा बाबांच्या सांगण्यामुळे पडल्या होत्या. बागाईतदार भाडं घेईनात. म्हणाले, "मी बाजाराला आलोच हुतो." बाबा म्हणाले, "त्या दिवशी रविवार होता, बाजार नव्हता." मेहुण्याच्या खेपेसकट ते आठ रुपये पंचवीस पैसे झाले. एकूण एकशे नऊ रुपये पंचवीस पैसे मोहोळच्या बागाईतदारांना त्यांच्या हातात दिले, आणि पावतीवर मी तेवढेच लिहिले.